बोटीसाठी भरवशाची, टिकाऊ बॅटरी कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटरीबद्दल विचारणारे बहुतेक जण ‘कुठली घेऊ?’ इथून सुरुवात करतात. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: माझ्या बोटीवर ही बॅटरी पूर्ण भरणार कशी आणि कधी? याचं उत्तर पक्कं असेल तर साधी बॅटरीसुद्धा वर्षानुवर्षं साथ देते. ते नसेल तर महागातली महाग बॅटरीही लवकर बसते. खालची सगळी उत्तरं याच धाग्याने बांधलेली आहेत.

गाडीची बॅटरी बोटीवर चालत नाही का?

व्होल्टेज तेच, आकार तोच, टर्मिनलही बसतात, त्यामुळे मोह होतो. पण गाडीच्या बॅटरीचं काम एकच: दोन-तीन सेकंद भरपूर करंट देऊन इंजिन फिरवायचं. लगेच अल्टरनेटर तिला परत भरतो. त्यासाठी तिच्या आत पातळ प्लेट्स दाटीवाटीने बसवलेल्या असतात. बोटीवर इंजिन बंद असताना दिवे, फ्रिज, फिशफाइंडर, पंप तासन्‌तास चालू राहतात. पातळ प्लेट्सची बॅटरी अशी वारंवार खोलवर उतरली की प्लेट्सवरचा लेप सुटून तळाशी गाळ साचतो आणि क्षमता भराभर घटते.

दुसरा शत्रू म्हणजे लाटांचा मारा. वेगात जाणारी बोट पाण्यावर आपटते तेव्हा तो हादरा थेट प्लेट्सना आणि सेलच्या जोडांना बसतो. चांगल्या मरीन बॅटरीत हे जोड मजबूत असतात आणि नट आवळता येईल असे आट्यांचे टर्मिनलही असतात. मात्र नुसत्या ‘मरीन’ या शब्दावर विसंबू नका. एकाच आकाराच्या, एकाच प्रकारच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या समोर असतील तर दोन्ही उचलून पाहा. जड असलेलीत शिसं जास्त असतं आणि तीच बहुधा जास्त टिकते.

स्टार्टिंग, डीप सायकल, ड्युअल पर्पज: मला कुठली हवी?

इंजिन सुरू करायला स्टार्टिंग. बाकी सगळी उपकरणं चालवायला, म्हणजे ‘हाउस’ लोडसाठी, डीप सायकल, जी वारंवार खोलवर उतरवून पुन्हा भरता येते. हिच्या प्लेट्स जाड असतात. ड्युअल पर्पज ही मधली तडजोड आहे. बोट छोटी असेल, जागा एकाच बॅटरीपुरती असेल आणि उपकरणं मोजकीच असतील, तर ती चालते. जागा असेल तर दोन कामांना दोन बॅटऱ्या ठेवा, असंच मी सांगेन.

एकाच बॅटरीवर भागवलं तर काय बिघडतं?

किनाऱ्यापासून लांब नांगर टाकलाय, रात्रभर दिवे आणि फ्रिज चालू राहिले, आणि सकाळी चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक्’ वाजलं. इथे प्रश्न गैरसोयीचा राहत नाही, जिवाचा होतो. वारा फिरला किंवा नांगर सुटला तर इंजिन त्याच क्षणी लागतं. वायरलेससुद्धा त्याच बॅटरीवर असतो.

म्हणून इंजिनची बॅटरी वेगळी आणि राखीव ठेवा. चार्जिंगच्या वेळी दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा आणि चार्जिंग थांबलं की तोडणारा व्होल्टेज सेन्सिंग रिले बसवला, की स्विच फिरवायला विसरण्याचा धोका उरत नाही. शिवाय दोन्ही बॅटऱ्या एकत्र जोडणारा आणीबाणीचा स्विच असावा. इंजिनची बॅटरीच दगा देईल तेव्हा हाउस बॅटरीवर इंजिन सुरू करता येतं.

बिल्ज पंप म्हणजे बोटीच्या तळाशी (बिल्जमध्ये) साचलेलं पाणी बाहेर टाकणारा पंप. पाणी चढलं की त्याला आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच मात्र मुख्य स्विचच्या आधी, वेगळा फ्यूज घालून थेट बॅटरीला जोडलेला असावा. मुख्य स्विच बंद करून तुम्ही घरी गेलात तरी पंप चालला पाहिजे.

किती एएचची बॅटरी घ्यावी?

एएच म्हणजे अँपिअर-अवर: किती अँपिअर, किती तास. कागद-पेन्सिल घ्या. प्रत्येक उपकरण किती अँपिअर घेतं आणि दिवसात किती तास चालतं, याचा गुणाकार करा. उदाहरणार्थ, फ्रिजचा कॉम्प्रेसर ४ अँपिअर घेत असेल आणि दिवसभरात मिळून १२ तास चालत असेल, तर ४८ एएच. चार्टप्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा स्क्रीन) आणि फिशफाइंडर मिळून दीड अँपिअर, ८ तास: १२ एएच. एलईडी दिवे २ अँपिअर, ५ तास: १० एएच. वायरलेस, पंप आणि फोनचं चार्जिंग धरून आणखी १० एएच. एकूण ८० एएच.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी टिकवायची असेल तर रोज निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये. म्हणजे ८० एएच वापरायला १६० एएच लागतील. वय झाल्यावर क्षमता घटते आणि सोलरवर भरत असाल तर एखादा दिवस ढगाळही निघतो, हे धरून २०० एएच घ्या. लिथियमच्या बॅटरीतून ८० टक्के बिनधास्त काढता येतात, त्यामुळे तिथे १०० एएचमध्ये जेमतेम आणि १५० एएचमध्ये निवांत भागतं.

उपकरणाच्या मागे लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्ष वापर यांत फरक असतो. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर वायरभोवती लावून खरा आकडा घ्या. सगळं बंद असतानाही एकदा मोजा. स्टिरिओची मेमरी, गॅस अलार्म, चार्जरचा छोटा दिवा असं मिळून अर्धा अँपिअर जरी सतत जात असला, तरी आठवडाभरात ८४ एएच होतात.

लेबलवरच्या सीसीए, एमसीए, आरसी या आकड्यांचा अर्थ काय?

सीसीए म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअसला बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते, तेही व्होल्टेज ७.२च्या खाली न जाता. एमसीए म्हणजे तेच मोजमाप शून्य अंशाला. तापमान जास्त असल्यामुळे त्याच बॅटरीचा एमसीए आकडा सीसीएपेक्षा मोठा दिसतो. त्यामुळे एका बॅटरीचा सीसीए आणि दुसरीचा एमसीए यांची तुलना करू नका. इंजिनच्या पुस्तिकेत जो आकडा दिला असेल तोच लेबलवर शोधा. हे दोन्ही आकडे इंजिन सुरू करण्यापुरते आहेत. हाउस बॅटरी निवडताना त्यांचा उपयोग नाही.

एएच बहुतेक वेळा २० तासांच्या हिशोबाने दिलेला असतो: १०० एएच म्हणजे ५ अँपिअर, २० तास. करंट वाढवला की लेड-अ‍ॅसिड बॅटरी कमी देते, आणि हे आरसीच्या आकड्यात दिसतं. आरसी म्हणजे २५ अँपिअरचा लोड लावल्यावर व्होल्टेज १०.५पर्यंत उतरायला लागणारी मिनिटं. आरसी १८० असेल तर २५ अँपिअर गुणिले ३ तास, म्हणजे ७५ एएच. हीच बॅटरी सावकाश वापरली तर १०० एएच देत असते. ट्रोलिंग मोटर (बोट हळू चालवणारी विजेची छोटी मोटर) पूर्ण वेगावर चालवणाऱ्यांची बॅटरी अंदाजापेक्षा लवकर का संपते, ते इथे कळतं.

साधी लेड-अ‍ॅसिड, जेल, एजीएम की लिथियम?

साधी, म्हणजे पाणी घालावी लागणारी बॅटरी स्वस्त असते. चुकून जास्त चार्ज झाली तर पाणी घालून सावरता येते आणि हायड्रोमीटरने, म्हणजे आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने, प्रत्येक सेलची तब्येत वेगवेगळी पाहता येते. पण ती सरळच ठेवावी लागते, तिला हवेशीर जागा लागते आणि दर महिन्याला झाकणं उघडून पाणी बघावं लागतं. ज्याला हे मनापासून करायला आवडतं त्याच्यासाठी ती आजही उत्तम आहे. सहा व्होल्टच्या दोन गोल्फ कार्ट बॅटऱ्या सीरिजमध्ये जोडल्या तर जाड प्लेट्समुळे त्या फार चिवट निघतात. फक्त त्यांची उंची तुमच्या कप्प्यात मावते का, ते आधी मोजा.

जेल खोल डिस्चार्ज चांगला सोसते, पण चार्जिंगच्या व्होल्टेजबाबत फार नाजूक असते. चार्जर चुकीच्या सेटिंगवर राहिला तर जेलमध्ये बुडबुडे होतात आणि ते परत बुजत नाहीत. आता नवीन घ्यायची असेल तर जेलकडे वळायचं मला फारसं कारण दिसत नाही.

एजीएममध्ये आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं. ती सांडत नाही, हादरे चांगली सोसते, करंट जोरात देते आणि जोरात घेते, पडून राहिली तरी हळू उतरते. इंजिनसाठी माझी पसंती हिलाच आहे. पण तीही शेवटी लेड-अ‍ॅसिडच. तिला अर्धवट भरलेलं ठेवलं तर ती खराब होतेच, आणि पाणी घालून सावरण्याची सोयही तिच्यात नाही.

लिथियम म्हणजे इथे लिथियम आयर्न फॉस्फेट. एकाच क्षमतेला वजन निम्म्याहून कमी: १०० एएचची लेड-अ‍ॅसिड साधारण ३० किलो, तर ही १२ किलोच्या आसपास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मी-निम्मी वापरली तर काही शे सायकल, म्हणजे उतरवून पुन्हा भरण्याच्या फेऱ्या, देते. चांगल्या लिथियमचे उत्पादक ८० टक्के वापरावर २,००० ते ५,००० सायकल सांगतात. माझ्या दृष्टीने यापेक्षाही मोठा फायदा वेगळाच आहे: ती अर्धवट भरलेली राहिली तरी तिला काही होत नाही.

आणि निवड खरी इथेच ठरते. बोट रोज धक्क्यावर येऊन रात्रभर चार्जरला लागत असेल, तर लेड-अ‍ॅसिड तुम्हाला निराश करणार नाही. बोट मूरिंगवर, म्हणजे धक्क्यापासून दूर पाण्यात बांधलेली असते, नांगरावर दिवस काढते, इंजिन तासभरच चालतं, असं असेल तर लेड-अ‍ॅसिड कधीच पूर्ण भरत नाही. तिथे लिथियमचा जास्तीचा खर्च वसूल होतो.

तासभर इंजिन चालवलं की बॅटरी भरते ना?

नाही. मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेला आणि सर्वांत जास्त बॅटऱ्या मारणारा गैरसमज हाच.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी सुमारे ८० टक्क्यांपर्यंत भराभर करंट घेते. त्यानंतर तिचं पोट भरत आल्यासारखं होतं: चार्जर किंवा अल्टरनेटर कितीही मोठा असला तरी ती घेत असलेला करंट कमी-कमी होत जातो. शेवटच्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात. तासाभराने इंजिन बंद केल्यावर मीटर १३ व्होल्ट दाखवतो आणि आपल्याला वाटतं, झाली फुल्ल. ते व्होल्टेज वरवरचं असतं. काही तास बॅटरी शांत ठेवून पुन्हा मोजा, मग खरं कळेल.

न भरलेल्या भागात प्लेट्सवर लेड सल्फेट राहून जातं. ताजं असेपर्यंत ते चार्जिंगने विरघळतं. आठवडे उलटले की त्याचे कडक खडे बनतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. यालाच सल्फेशन म्हणतात. बॅटरी दोन वर्षांत ‘गेली’ असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ती अशी उपाशी ठेवल्यामुळे गेलेली असते.

चार्जर कसा असावा?

तीन टप्प्यांचा, मरीन वापरासाठी बनवलेला आणि बॅटरीच्या प्रकाराची सेटिंग असलेला. पहिल्या टप्प्यात पूर्ण करंट, दुसऱ्यात स्थिर व्होल्टेज, तिसऱ्यात फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणारं कमी व्होल्टेज. साध्या आणि एजीएम बॅटरीला दुसऱ्या टप्प्यात १४.४ ते १४.८ व्होल्टच्या आसपास लागतात, जेलला १४.१ ते १४.४, आणि फ्लोटला साधारण १३.५. अंतिम शब्द मात्र तुमच्या बॅटरीच्या पुस्तिकेचा.

करंटचं माप: साध्या बॅटरीसाठी एएचच्या १० ते २० टक्के, म्हणजे २०० एएचला २० ते ४० अँपिअरचा चार्जर.

तापमानाचा सेन्सर जोडायची सोय असेल तर तो जरूर लावा आणि बॅटरीलाच लावा. गरम बॅटरीला थंड बॅटरीपेक्षा कमी व्होल्टेज हवं असतं. उष्णता एरवीही आयुष्य खाते: तापमान १० अंशांनी वाढलं की लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. म्हणून शक्य असेल तर बॅटरी इंजिनच्या खोलीबाहेर ठेवा.

लिथियम बॅटरी बोटीवर पेट घेणार नाही ना?

ही भीती रास्त आहे, कारण समुद्रात आगीपासून पळून जायला जागा नसते. लिथियम आयर्न फॉस्फेट हे रसायन फोन आणि लॅपटॉपमधल्या कोबाल्टवाल्या सेलपेक्षा बरंच स्थिर आहे. ते जास्त तापमान सोसतं आणि तापल्यावर सहजासहजी ऑक्सिजन सोडत नाही. तरीही ते पूर्ण निर्धोक नाही. सेल बिघडला तर ज्वालाग्राही वायू बाहेर पडू शकतो.

आत बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवून गरज पडल्यास बॅटरीची जोडणी तोडणारं सर्किट हवंच. सुटे सेल जोडून घरी बॅटरी बनवणं बोटीसाठी मी सुचवणार नाही. शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. चांगला बीएमएस ते आपोआप थांबवतो. शॉर्ट झाल्यास ती हजारो अँपिअर सोडू शकते, त्यामुळे मुख्य फ्यूज क्लास टी प्रकारचा, तेवढा करंट तोडू शकणारा असावा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलने लिथियम बॅटऱ्यांसाठी ई-१३ हे स्वतंत्र मानक केलं आहे. काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला ते माहीत आहे का, हे विचारायला संकोच करू नका. विमा कंपनीलाही आधी विचारा.

जुनी लेड-अ‍ॅसिड काढून त्याच जागी लिथियम ठेवली की झालं?

जाहिरातीत तसंच लिहिलेलं असतं, पण दोन अडचणी आहेत. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढत राहते, त्यामुळे अल्टरनेटर सतत पूर्ण ताकदीने चालून तापतो आणि जळू शकतो. दुसरं, अल्टरनेटर चार्ज करत असताना बीएमएसने अचानक बॅटरी तोडली तर व्होल्टेजची उसळी येते. त्यात अल्टरनेटरचे डायोड जातात, कधी चार्टप्लॉटरही जातो.

सोपा मार्ग: इंजिनची बॅटरी लेड-अ‍ॅसिडच ठेवा, अल्टरनेटर तिलाच जोडा आणि तिच्यापासून लिथियम हाउस बॅटरीकडे जाताना मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर घाला. तो करंटवर मर्यादा ठेवतो आणि लिथियमला हवं ते व्होल्टेज देतो. धक्क्यावरचा चार्जर आणि सोलर कंट्रोलर यांच्या सेटिंग्जही बदला. हा सगळा खर्च बॅटरीच्या किमतीत धरूनच निर्णय घ्या.

जुन्या बॅटरीला नवी समांतर जोडून क्षमता वाढवता येईल का?

नको. जुनी नवीला खाली ओढते आणि थोड्याच काळात दोन्ही सारख्याच थकतात. एका बँकेतल्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या संचातल्या, बॅटऱ्या एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच वयाच्या असाव्यात आणि एकदमच बदलाव्यात. समांतर जोडताना पॉझिटिव्हची मुख्य वायर पहिल्या बॅटरीवरून आणि निगेटिव्हची शेवटच्या बॅटरीवरून घ्या, म्हणजे सगळ्यांवर सारखा भार येतो.

दुकानात बॅटरी हातात घेतल्यावर काय बघायचं?

उत्पादनाची तारीख. ती कोडमध्ये असेल तर दुकानदाराकडून उलगडून घ्या. लेड-अ‍ॅसिड सहा महिन्यांहून जुनी असेल आणि मध्ये चार्ज केलेली नसेल, तर ती नाकारा. मल्टिमीटर सोबत न्या: १२.५पेक्षा कमी दाखवत असेल तर सल्फेशन तिथेच सुरू झालेलं असण्याची शक्यता आहे. वॉरंटीत मोफत बदलून देण्याचा काळ किती आणि नंतरचा सवलतीचा काळ किती, हे वेगवेगळं वाचा. व्यावसायिक वापराला वॉरंटी लागू आहे का, तेही पाहा. मासेमारीच्या आणि प्रवासी बोटींना बऱ्याचदा तिथेच नकार मिळतो.

बॅटरी कशी बसवावी?

पक्की. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचा निकष असा: ९० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ४१ किलोच्या ओढीखाली मिनिटभरात बॅटरी एक इंचापेक्षा जास्त सरकता कामा नये. पट्टा आवळल्यावर दोन्ही हातांनी जोर लावून हलवून बघा. पॉझिटिव्ह टर्मिनलवर रबराची टोपी हवी, म्हणजे हातातून पाना पडला तरी ठिणगी उडणार नाही. फ्यूज बॅटरीपासून शक्य तितका जवळ लावा. याच संस्थेचा सर्वसाधारण निकष ७ इंचांचा आहे. इंजिनच्या स्टार्टरच्या वायरला यात सूट असते.

साध्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी स्फोट होऊ शकतो. तो हलका असल्यामुळे वर जातो, म्हणून कप्प्याला वरच्या बाजूने वाट ठेवा. बिल्जमध्ये अगदी तळाशी बॅटरी ठेवू नका: खारं पाणी साध्या बॅटरीत शिरलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

बॅटरी नवी आहे, मीटर १२.७ दाखवतो, तरी इंजिन फिरत नाही. असं का?

मीटर तसाच टर्मिनलला लावून ठेवा आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. व्होल्टेज ९.६च्याही खाली कोसळलं तर बॅटरीत दोष आहे. ते १२च्या वर तसंच राहिलं आणि इंजिन ढिम्म असेल, तर करंट वाटेत अडतोय.

मग वायरीकडे वळा. टर्मिनलवरचा लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, वरून चकचकीत दिसेल. त्याच्या मागचं आवरण बोटभर चिरून पाहा: आतली तांब्याची तार काळी पडलेली असते, तारांच्या मध्ये हिरवट पूड असते आणि नखाने ओढलं तरी तार तुटते. खारी हवा आवरणाखालून अशी आत शिरते. अशी वायर पुन्हा लग लावून वाचत नाही, पूर्ण बदलावी लागते. नवीन घेताना कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची मरीन वायर घ्या आणि लग क्रिम्प करून (पकडीने दाबून घट्ट बसवून) त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. बॅटरीवर खर्च करून वायरीत कसर केलेली पाहिली की खरंच वाईट वाटतं.

सीझन संपल्यावर बॅटरीचं काय करायचं?

लेड-अ‍ॅसिड पूर्ण भरून ठेवा. साध्या बॅटरीतलं पाणी चार्जिंगनंतर डिस्टिल्ड वॉटरने पातळीपर्यंत आणा. नळाचं पाणी अजिबात नको. प्लेट्स उघड्या पडल्या असतील तरच चार्जिंगआधी त्या बुडतील एवढं पाणी घाला. निगेटिव्ह काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा, किंवा कंट्रोलर असलेलं छोटं सोलर पॅनल जोडून ठेवा. लिथियमचं उलट: तिला निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून, सगळे लोड तोडून, थंड आणि कोरड्या जागी ठेवा.

बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

पूर्ण भरून, काही तास विश्रांती देऊन व्होल्टेज मोजा. साध्या बॅटरीला १२.६ ते १२.७ हवेत, एजीएमला १२.८च्या आसपास. त्यानंतर माहीत असलेला लोड लावा, समजा ५ अँपिअर, आणि १२.१ व्होल्टपर्यंत यायला किती तास लागतात ते बघा. नवी असताना हीच चाचणी करून तास लिहून ठेवले असतील तर तुलना सोपी जाते. क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की डीप सायकल बॅटरी उतरणीला लागली असं धरतात. साध्या बॅटरीत एखाद्या सेलचं हायड्रोमीटरचं रीडिंग बाकीच्यांपेक्षा ०.०५०ने कमी असेल, तर तो सेल गेला. चार्ज होताना फुगलेली किंवा हात लावता येणार नाही इतकी तापलेली बॅटरी चाचणी न करता लगेच काढा.

लिथियमची तब्येत व्होल्टेजवरून कळत नाही, ते १३.२च्या आसपास सपाट राहतं आणि शेवटी एकदम पडतं. तिच्यासाठी शंट (वायरीतून जाणारा करंट मोजायचा तुकडा) लावून एएच मोजणारा बॅटरी मॉनिटर घ्या.

जुनी बॅटरी विक्रेत्याला परत द्या, शिशाचा पुनर्वापर होतो. काढताना आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. आणि पाना हातात घेण्याआधी सगळ्या वायरींना चिठ्ठ्या लावून एक फोटो काढून ठेवा.